पेंढरजवळचं व्यसनमुक्ती केंद्र: ब्याण्णव दिवसांचा अनुभव

माझा भाचा ज्या केंद्रात ब्याण्णव दिवस राहिला, त्याबद्दल लिहीन असं मी ताईला कबूल केलं होतं. ती स्वतः लिहिणार नाही. कळव्यात त्यांच्या ओळखी फार आहेत आणि लोकांच्या तोंडाला तिने पुरेसं तोंड दिलंय. केंद्राचं नाव मी देत नाही. तिथे खाटा अवघ्या बावीस. नाव आणि महिना सांगितला की मुलगा कोण हे कुणीही हुडकून काढेल. पण ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांना केंद्र पारखताना काय बघायचं ते कळावं, म्हणून जे पाहिलं ते सगळं लिहिते.

पाचपैकी चार. जेवण बरं, जागा स्वच्छ, औषधांचा हिशेब चोख. आणि मुलाला घरी सोडताना त्यांनी जे केलं, ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. एक गुण कापला त्याची कारणं पुढे येतीलच.

त्याआधी पहिल्या केंद्राबद्दल सांगायला हवं, नाहीतर सोडण्याबद्दल मी एवढी का बोलते ते कळणार नाही. या केंद्राच्या दोन वर्षं आधी भाच्याला ठाणे जिल्ह्यातल्याच एका ठिकाणी ठेवलं होतं. मोटरसायकलवरून पडून कंबर दुखावली, मित्राने ट्रॅमाडॉलच्या गोळ्या दिल्या, आणि त्या सुटेनात तेव्हा तो गर्दवर, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनवर गेला. रात्रपाळीची नोकरी, खिशात पैसा, घरी कुणाला पत्ता नाही. ताईला कळलं ते बाथरूमच्या खिडकीत गर्द ओढून काळी पडलेली पन्नी सापडली तेव्हा. त्या पहिल्या ठिकाणी पंचेचाळीस दिवस ठेवला. काय औषध देतात ते सांगत नव्हते, भेटू देत नव्हते. सेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी सात वाजता भाऊजींना फोन आला, "पेशंट बरा झालाय, घेऊन जा." कागद नाही, पुढचा डॉक्टर नाही. सोबत एक पिशवी, त्यात त्याचे कपडे.

चौथ्या दिवशी त्याने पूर्वी घ्यायचा तेवढीच पुडी घेतली. पंचेचाळीस दिवस शरीराने काही पाहिलेलं नव्हतं, जुनी मात्रा त्याला पेलली नाही. ताईने दार फोडून घेतलं तेव्हा ओठ निळे झाले होते. रुग्णालयात नॅलोक्सोनचं, म्हणजे हेरॉइनच्या उताऱ्याचं इंजेक्शन मिळालं म्हणून आज मी हे लिहितेय. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत असतो, हे आम्हाला त्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी सांगितलं. ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांनी ते पंचेचाळीस दिवसांत सांगितलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या वेळी केंद्र शोधायचं काम मी अंगावर घेतलं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, तिथे फोन केला. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. काय घेतो, किती वर्षं, झोप कशी, जिवाचं बरंवाईट करायचं बोलतो का, सगळं विचारून घेतलं आणि मग आसपासची ठिकाणं सांगितली. त्यातली तीन मी स्वतः जाऊन पाहिली.

या केंद्राला जायला ट्रेन, मेट्रो आणि मग रिक्षा लागते. ताई ठाण्याहून पनवेल लोकलने बेलापूरला उतरायची, मी नेरूळहून तिथे पोचायचे, मग दोघी मेट्रोने पेंढर. मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली म्हणून हे जमलं, नाहीतर खारघरहून रिक्षावाले तिकडे यायला तोंड वाकडं करतात. पेंढरहून पुढे शेअर रिक्षा. पावसाळ्यात शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला चिखल असतो, चांगल्या चपला घालू नका.

दारातून आत गेलं की भिंतीवर पहिलं दिसतं ते नोंदणीचं प्रमाणपत्र, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालचं. ते दर्शनी भागात नसेल तर मागा आणि तारीख बघा. या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजार धरलेले आहेत, आणि रुग्णाला साखळीने बांधायला कायद्यानेच बंदी आहे. पहिल्या केंद्रात काय चालायचं ते भाच्याने फार नंतर सांगितलं. मी इथे लिहिणार नाही. इतकंच सांगते की या ठिकाणी मी सरळ विचारलं, "बांधता का?" समुपदेशकांनी रागावण्याऐवजी आतली प्रत्येक खोली उघडून दाखवली.

प्रवेशाच्या वेळी डॉक्टर आधी त्याच्याशी एकट्याशी बोलले. आम्ही बाहेर बाकावर. चाळीस मिनिटं. अर्ज मराठीत होता आणि सही त्याने स्वतः केली. पाचव्या दिवशी तो "मला घरी जायचंय" म्हणून हटून बसला. अंग मोडून येत होतं, नाक गळत होतं, रात्रभर डोळा नाही. तिथली मुलं याला टर्की म्हणतात. कुणी त्याला अडकवून ठेवलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा बसून विचारपूस केली, मात्रा थोडी वाढवली, आणि तो आपणहून थांबला. हे मला त्यानेच सांगितलं, केंद्राने नव्हे.

आता औषधाच्या रजिस्टरबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझा सगळा जन्म असल्या रजिस्टरांत गेला.

त्याला ब्युप्रेनॉर्फिन द्यायचे, गर्दच्या जागी देऊन तलफ आवरणारं औषध. जिभेखाली ठेवायची गोळी. टर्की नीट सुरू झाल्याशिवाय पहिली गोळी देत नाहीत, घाई केली तर उलट त्रास वाढतो. ब्रदर गोळी देतो, ती पूर्ण विरघळेपर्यंत समोर उभा राहतो, तोंड उघडून बघतो आणि मग रजिस्टरमध्ये लिहितो: सकाळची शिल्लक, दिलेल्या, उरलेल्या. दोघांच्या सह्या. एक गोळी हातातून पडून पाण्यात गेली होती, तिचीही वेगळी ओळ, तारीख, वेळ, सह्या. मी ते पान पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. ताईला कळेना मी एका वहीकडे बघून का रडतेय.

मी तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कंपनीत सव्वीस वर्षं निर्यातीचे कागद केले. आमच्याकडून अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइडचे ड्रम बाहेर जायचे. एखाद्या ड्रमचं झाकण सैल राहिलं की गोदामात व्हिनेगरसारखा असा भपका यायचा की डोळ्यांतून पाणी वाहायचं. या रसायनातून अ‍ॅस्पिरिन होतं, रंग होतात, सिगारेटच्या फिल्टरचा धागा होतो. आणि अफूतून काढलेल्या मॉर्फिनचं हेरॉइन करायलाही हेच लागतं. एक किलो हेरॉइनला साधारण एक ते अडीच लिटर. अफू शेतात पिकते, पण हे रसायन कारखान्यातूनच यावं लागतं, म्हणून ते अडवलं तर हेरॉइनचा कारखाना थांबतो.

ते अडवायची रीत संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या व्हिएन्नाच्या करारात आहे. त्याआधीचे दोन करार, १९६१ चा आणि १९७१ चा, हे मुख्यतः अमली द्रव्यं आणि गुंगीच्या औषधांबद्दल होते. ८८ च्या कराराने तस्करीबरोबर ही कच्ची रसायनंही धरली. बाराव्या कलमात लिहिलंय की अशी रसायनं देशाबाहेर निघण्याआधी, ज्या देशाने तशी मागणी नोंदवली आहे त्या देशाच्या सरकारला कळवायचं: कोण पाठवतोय, कुणाला, काय, किती, कुठल्या बंदरात पोचणार, कधी निघणार. माल निघाल्यावर कळवून उपयोग नाही, आधी कळवायचं. आमच्या कामात पलीकडून "हो, हा गिऱ्हाईक खरा आहे" असं कळलं की मग माल सोडायचा. २००६ च्या मार्चपासून व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय नार्कोटिक्स नियंत्रण मंडळाने यासाठी पेन ऑनलाइन (पेन म्हणजे प्री-एक्सपोर्ट नोटिफिकेशन, निर्यातीआधीची सूचना) नावाची यंत्रणा सुरू केली, म्हणजे एका सरकारने इथे नोंद केली की दुसऱ्याला तिथे लगेच दिसते. आमचा अर्ज ग्वाल्हेरला नार्कोटिक्स कमिशनरांच्या कचेरीत जायचा, तिथून पुढची विचारणा व्हायची, ना-हरकत आली की ड्रम न्हावाशेव्याला. टेबलावर बसून पाहिलं तर मला फक्त थांबलेला कागद दिसायचा.

२००८ साली पश्चिम आशियातल्या एका देशासाठी ऐंशी ड्रमची मागणी आली. आगाऊ पैसे, भावात घासाघीस नाही. कागद ग्वाल्हेरला गेले आणि अडकले. साहेब रोज विचारायचे, मी रोज फोन लावायचे, खूप वैतागले होते. मग उत्तर आलं की पलीकडच्या सरकारने हरकत घेतलीय, दिलेल्या पत्त्यावर अशी कंपनीच नाही, तिथे एक बंद दुकान आहे. ऐंशी ड्रम तुर्भ्यातच राहिले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १८१७ क्रमांकाचा ठराव केला होता, अफगाणिस्तानकडे वळवली जाणारी ही रसायनं सगळ्या देशांनी मिळून अडवावीत म्हणून. मला तेव्हा ठरावाची माहिती नव्हती. कुणीतरी दूरच्या देशातला कारकून उन्हातान्हात त्या पत्त्यावर जाऊन बंद शटर बघून आला आणि त्याने खरं ते लिहून पाठवलं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. सोळा टन माल होता. किलोला अडीच लिटर धरले तरी पाच-सहा हजार किलो हेरॉइन झालं असतं. त्यातल्या पुड्या किती, हे मी भाच्याच्या बाथरूममधली पन्नी पाहिल्यानंतर पहिल्यांदा मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

तर हे सांगायचं कारण असं की ब्युप्रेनॉर्फिनसुद्धा १९७१ च्या करारातल्या यादीत आहे. जे जग त्याच्यावर पाळत ठेवतं, त्याच जगाने ते औषध २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. १९६१ च्या कराराच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की वेदना शमवण्यासाठी ही द्रव्यं लागणारच आणि ती मिळायलाच हवीत. चोराला मिळू नये आणि रुग्णाला मिळावं, दोन्ही त्याच हिशेबावर उभं आहे. पेंढरजवळच्या त्या खोलीत ब्रदरने पाण्यात पडलेल्या गोळीची ओळ लिहिली, ती मला ग्वाल्हेर आणि व्हिएन्नाच्या कागदांइतकीच मोठी वाटली. ज्या केंद्रात हे रजिस्टर दाखवायला का कू करतात, तिथे आपलं माणूस ठेवू नका.

खर्चाचं सांगते. महिना अठरा हजार, त्यात राहणं, जेवण, समुपदेशन. औषधं आणि लघवीच्या तपासण्या वेगळ्या, आम्हाला तीन महिन्यांत सगळं मिळून सत्तर हजारांच्या आत पडलं. ज्यांना झेपत नाही त्यांना ते स्वतःच सरकारी मदतीवर चालणाऱ्या केंद्रांचा आणि रुग्णालयांचा पत्ता देतात, हे मी दोन कुटुंबांच्या बाबतीत बघितलं. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी वरण-भात, पोळी, एक भाजी, बुधवारी अंडी, रविवारी चिकन. भाजीत पाणी जास्त. चहा मात्र दिवसातून चार वेळा आणि चांगला, कारण टर्कीतल्या मुलांना दुसरं काही पोटात राहत नाही, म्हणे.

शनिवारची घरच्यांची बैठक सुरुवातीला मला वेळ घालवणं वाटली होती. बारा-पंधरा घरं गोल बसलेली. एक कोळीवाड्याची आजी, नातवासाठी आलेली. एक शिक्षक, मुलीचा बाप, मुलगी कुठे ठेवायची ते विचारायला येत राहिलेला. समुपदेशक फळ्यावर लिहायचे, उलट्या थांबल्या म्हणजे व्यसन सुटलं असं नाही. एकदा एका मॅडमनी ताईला सगळ्यांसमोर "तुमच्या लाडाने हे झालं" असं म्हटलं. ताई परतीच्या मेट्रोत एक शब्द बोलली नाही. मी दुसऱ्या दिवशी फोन करून तक्रार केली. पुढच्या शनिवारी त्या मॅडमनी सगळ्यांसमोरच माफी मागितली. तरी ते वाक्य बोललं जायला नको होतं, आणि मी ते विसरलेले नाही.

याच बैठकीत एक वकील आले होते, त्यांनी एक गोष्ट सांगितली ती प्रत्येक आईबापाला माहीत हवी. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अगदी अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तो आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर ही सूट जाऊ शकते. पहिल्या केंद्रानंतर भाऊजी दोन वर्षं पोलिसांच्या भीतीने कुठे जायला तयार नव्हते. हे आधी कळलं असतं तर ती दोन वर्षं वाचली असती. आणि म्हणूनच केंद्राला मान्यता आहे का हे बघणं महत्त्वाचं आहे.

तिथे निम्मी मुलं एमडीची होती. एमडी म्हणजे मेफेड्रोन. आपल्याकडे ते २०१५ च्या फेब्रुवारीत कायद्याखाली आलं आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये व्हिएन्नाला संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने ते १९७१ च्या करारातल्या यादीत घातलं. भाच्याच्या शेजारच्या खाटेवर एक बावीस वर्षांचा मुलगा होता, घणसोलीचा, त्याला आठवडाभर वाटत होतं की पंख्यातून कुणीतरी त्याचं बोलणं ऐकतंय. गर्दवाल्यांना निदान जिभेखालची गोळी आहे, एमडीच्या जागी द्यायला तसं औषध अजून नाही. झोप, जेवण, बोलणं आणि वेळ, यावरच सगळं. केंद्र याबाबत खोटं बोलत नाही, हे मला आवडलं. "गॅरंटी" हा शब्द तिथे मी एकदाही ऐकला नाही.

आणि हे सगळं लांबचं आहे असं नवी मुंबईतल्या कुणी समजू नये. ३० सप्टेंबर २०२२ ला आपल्या वाशीत संत्र्यांच्या ट्रकमधून महसूल गुप्तचर संचालनालयाने १९८ किलो मेथ (मेथॅम्फेटामिन) आणि ९ किलो कोकेन पकडलं. पुढच्याच आठवड्यात न्हावाशेव्याला हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून ५० किलो कोकेन. दोन्ही माल दक्षिण आफ्रिकेतून आलेला. त्या वर्षी दिवाळीत मी फळबाजारात उभी राहिले तेव्हा पेट्यांकडे बघवत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की आपण नियमाने पाठवतो म्हणजे आपल्या बाजूचं झालं. पण २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीत शेकडो किलो एमडी पकडलं, म्हणजे ते इथेच बनत होतं, आमच्यासारख्याच एका शेडमध्ये, आमच्यासारख्याच ड्रमांतून. जिथे यादीतलं रसायन मिळत नाही तिथे ते यादीबाहेरचं शोधतात. अशी माहिती कुणाकडे असेल तर नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोचा १९३३ हा नंबर आहे, नाव न सांगता कळवता येतं. केंद्राच्या फळ्यावर दोन्ही नंबर लिहिलेत, १४४४६ आणि १९३३, उपचारासाठीचा वरती आणि मोठ्या अक्षरात. ते मला बरोबर वाटलं.

आता कापलेला गुण. बायकांसाठी एकही खाट नाही. तो शिक्षक बाप सहा शनिवार आला आणि सातव्या शनिवारपासून दिसला नाही. मुलगी कुठे गेली, कुणाला माहीत नव्हतं. केंद्राने त्यांना दोन ठिकाणांचे पत्ते दिले होते, दोन्ही नवी मुंबईबाहेरचे. इतक्या मोठ्या शहरात एका बापाला मुलीसाठी जागा सापडू नये, याचा राग फक्त या केंद्रावर काढून उपयोग नाही, पण मी काढते, कारण वरचा मजला त्यांच्याकडे रिकामा आहे. दुसरं, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदाच येतात, शनिवार-रविवार फक्त फोनवर. एका रविवारी एका मुलाला झटका आला तेव्हा ब्रदरने सगळं नीट सांभाळलं, पण पोटात गोळा आला होता. तिसरं, पावत्या वेळेवर मिळत नाहीत. इतका चोख औषधाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी पैशांची पावती दहा दिवस लांबवावी, हे मला समजत नाही.

आता सोडण्याबद्दल. साठाव्या दिवशीच समुपदेशकांनी विचारलं, "इथून निघाल्यावर तो कोणाच्या हातात जाणार?" आम्ही म्हटलं, घरी. ते म्हणाले, "घर ठीक, पण गोळी कोण देणार, कुठल्या वारी, पहिल्या दिवशी कोण सोबत जाणार?" पुढचे तीन आठवडे ते याच्या मागे लागले. ठाण्यातल्या एका रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग ठरला, गुरुवार ठरला. भाच्याची लेखी संमती घेतली, काय कळवायचं आणि काय नाही हे त्याच्यासमोर ठरवलं, आणि मग तो निघण्याच्या आठ दिवस आधी तिथल्या डॉक्टरांना पत्र गेलं. त्यात निदान, मात्रा, तपासण्यांचे निकाल, पहिल्या केंद्रानंतर काय झालं होतं ते, आणि शेवटी एक ओळ: मिळाल्याचं कळवावे. समुपदेशक मला म्हणाले, "मावशी, उत्तर येईपर्यंत तारीख पक्की नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते मावशी मला त्याच्यासारखेच म्हणायला लागले होते. सव्वीस वर्षं मी याच पद्धतीने ड्रम पाठवत होते, पलीकडचा घेणारा खरा आहे असं कळल्याशिवाय सोडायचे नाहीत. आणि पहिल्या वेळी आमच्या घरचं पोर कुणालाही न कळवता पिशवीसकट फाटकाबाहेर उभं होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचं व्हिएन्नातलं अमली पदार्थविषयक कार्यालय यांनी मिळून २०२० साली उपचारांसाठी मापदंड प्रसिद्ध केले, मी ते नंतर वाचून काढले. त्यात माणसाच्या संमतीचं आहे, रुग्णाच्या मानाचं आहे, आणि एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना उपचाराची साखळी तुटू नये हेही आहे. समुपदेशकांना मी त्याबद्दल विचारलं तर त्यांनी कपाटातून छापील पानं काढली, कडेला पेन्सिलीच्या खुणा केलेली.

उत्तर पाच दिवसांनी आलं, शिक्क्यासह. त्यांनी ते ताईला दाखवलं, भाच्याला दाखवलं, आणि एक प्रत हातात दिली. घरच्या आम्हा तिघांना वेगळं बसवून सांगितलं की पुन्हा घेतलं तर जुनी मात्रा जीव घेऊ शकते, ओठ निळे दिसले तर काय करायचं, कुठल्या कुशीवर वळवायचं, कोणाला फोन. पहिल्या गुरुवारी त्यांचा माणूस त्याच्यासोबत ठाण्याला गेला. दुसऱ्या गुरुवारी भाऊजी गेले. त्यासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या साहेबांकडे खरं कारण सांगून रजा मागितली.

जाणाऱ्यांसाठी: भेट रविवारी दहा ते बारा, आधार कार्ड लागतं, डबा नेऊ देत नाहीत, फळं चालतात पण कापून बघतात. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या न्या, फाटक्या असल्या तरी. पहिल्या भेटीत औषधाचं रजिस्टर दाखवा म्हणा, आणि विचारा, सोडताना कोणाला कळवता.

भाच्याला बाहेर येऊन पाच महिने झाले. मधे एकदा घसरला, स्वतःच केंद्रात फोन केला, तीन दिवस जाऊन राहिला आणि परत आला. आता दिवसपाळीची नोकरी आहे, पगार कमी. गुरुवारी साडेदहाच्या सुमारास ताईचा मेसेज येतो, बाकी काही नाही, एकच शब्द: पोचला.